सहा बाइटांचं कूळ

नागाव-काशीदच्या होमस्टेमध्ये पाहुण्याच्या फोनवरून ऑफिसातल्या, तारेने जोडलेल्या प्रिंटरला पान जातं, तेव्हा भिंतीवरचा वाय-फायचा डबा दोन वेगळ्या जातींची जाळी जोडत असतो. या कामाला ब्रिजिंग म्हणतात. डबा हवेतली फ्रेम, म्हणजे मजकुराचं पत्ता घातलेलं पुडकं, सोडवतो, तारेसाठी नवी बांधतो. आतल्या मजकुराला हात लावत नाही. न्हावा-शेवा बंदरात कंटेनर न उघडता जहाजावरून ट्रेलरवर चढतो, तसंच. फ्रेम सोडवताना डबा मजकुरापुढचे सहा बाइट काढून टाकतो : एए, एए, ०३ आणि तीन शून्यं. ही कुळकथा त्यांची.

इथरनेट, म्हणजे तारेचं जाळं, १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या हातून सुरू झालं. त्याच्या फ्रेममध्ये पत्त्यांनंतरचे दोन बाइट आत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे ते सांगत. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएमच्या टोकन रिंग या दुसऱ्या जातीच्या जाळ्यात त्यांना जागाच नव्हती. मग जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांच्या १९८८ च्या आरएफसी १०४२ या दस्तऐवजाने रीत घालून दिली : आधी हे ठरलेले सहा बाइट, मागोमाग इथरनेटचे ते दोन. दस्तऐवज कुणालाही फुकट वाचता येत होता, आजही येतो. म्हणूनच एका कंपनीचा ब्रिज दुसरीची फ्रेम बिनदिक्कत उलगडू शकला. वाय-फायचं मानक १९९७ मध्ये आलं, त्यानेही हीच रीत उचलली.

ब्रिज मुळात शक्य झाला तो मात्र आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२ समितीमुळे. तिने इथरनेट आणि टोकन रिंग दोन्हींना मानक केलं, पण ४८ बिटांचा पत्ता दोन्हीकडे सारखाच ठेवला. मला हा तिचा सर्वांत दूरदर्शी निर्णय वाटतो. ब्रिजांच्या वर्तुळात फ्रेम फिरत राहू नयेत म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलेली युक्ती १९९० च्या ८०२.१डी मानकात आली.

इथरनेट आणि टोकन रिंग यांच्यात एक गोष्ट मात्र जुळली नाही. इथरनेट प्रत्येक बाइट शेवटच्या बिटापासून पाठवतं, टोकन रिंग पहिल्यापासून. फ्रेमच्या माथ्यावरचे पत्ते ब्रिज उलटवून घेई. पण पत्ता शोधणाऱ्या एआरपी संदेशात तोच पत्ता मजकुराच्या आतही असे, आणि तिथे तो उलटाच राही. म्हणजे नेमका तो मजकूर उघडावाच लागे. अशा जोडणीत पुष्कळांनी शेवटी ब्रिज सोडून राउटर बसवले. वाय-फायने बिटांचा क्रम इथरनेटचाच ठेवला, त्यामुळे हे दुखणं त्याच्या वाट्याला आलं नाही.