पिवळ्या नदीकाठचा हिशेब

जरीपटका हे नाव मराठी कानास रणांगणाची आठवण देते. पेशवाईत ते सरदारांच्या हाती सोपविले जाणारे मानाचे निशाण होते. नागपूरच्या उत्तरेकडील त्या नावाची वस्ती मात्र फाळणीने वाढविली. १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली, दुकाने मांडली गेली आणि घरांमागोमाग सांडपाणीही वाढले. या भागाचा उतार पिवळ्या नदीकडे आहे. गोरेवाडा तलावातून निघालेली ही नदी नागनदीस मिळते, नागनदी कन्हानेस आणि कन्हान वैनगंगेस. शहराने टाकलेले पाणी अशा रीतीने गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत जाते.

एकाने नदीत सोडलेला मैला दुसऱ्याच्या घागरीत कसा येतो, याची भयंकर साक्ष दिल्लीने दिली. १९५५च्या अखेरीस नजफगढ नाल्याचे पाणी यमुनेवरील वजिराबादच्या उपशापर्यंत मागे सरकले आणि सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. पाणी गाळलेले होते, त्यात क्लोरीनही घातलेला होता! पुढे १९५८ साली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते.

यंत्रांचा खर्च ज्या नगरपालिकांस झेपत नाही, त्यांच्यासाठी या संस्थेने स्थिरीकरण-तळ्यांचा अभ्यास केला. हिरव्या डबक्यापाशी नाक मुरडणाऱ्यास नवल वाटेल, परंतु येथे हिरवेपणाच कामाचा. सुमारे दीड मीटर खोलीच्या उघड्या तळ्यात सूक्ष्मजंतू मैल्याचे विघटन करतात. त्यातून निघालेल्या कर्बवायूवर व क्षारांवर शेवाळ पोसते, आणि उन्हात ते जो प्राणवायू सोडते तो पुन्हा जंतूंच्या उपयोगी पडतो. बांधावरचे गवत कापावे, काही वर्षांनी गाळ काढावा, एवढीच निगा.

१९७० साली सोली आर्सीवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तळ्यांवर संस्थेतर्फे पुस्तक प्रसिद्ध केले. तळ्यावर घालावयाचा भार, म्हणजे मैला कुजताना लागणारा प्राणवायू, अक्षांशाप्रमाणे ठरतो. वीस अंशांवर तो हेक्टरी रोज २५० किलो धरतात. माणशी पन्नास ग्रॅम धरल्यास एका हेक्टरात पाच हजार माणसांची सोय होते.

हाच हिशेब कोकणकिनाऱ्यावरील मालवणसारख्या लहान शहरास लावून पाहावा. तेथे सोळाव्या अंशावर भार थोडा अधिक चालतो, म्हणून वीस हजार वस्तीस साडेतीन-पावणेचार हेक्टर, म्हणजे नऊ एकरांच्या आसपास जागा पुरेल. पण डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये नऊ एकर सपाट जमीन आणावयाची कोठून? सपाट आहे ती भातखाचरे, माडबागा आणि खाजणे. पाणी जमिनीपासून हातभर खाली. तळ्याचा तळ नीट बंद केला नाही तर शेजारच्या विहिरी नासतील. शिवाय दिवाळीत आणि मे महिन्यात पाहुण्यांची गर्दी, तर पावसाळ्यात कित्येक दिवस ऊनच नाही. शास्त्र स्वस्त झाले, तरी जमीन स्वस्त झाली नाही.

नागपूरने निराळी वाट धरली. भांडेवाडीच्या यंत्रशुद्धीकरण केंद्रातून रोज १३ कोटी लिटर शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रास देण्याची योजना झाली. एरवी धरणातून घ्यावे लागणारे तेवढे पाणी वाचले. नागनदीच्या शुद्धीच्या प्रकल्पास केंद्र सरकारची मान्यता मात्र २०२१ साली मिळाली, आणि पिवळी नदी त्याच प्रकल्पाच्या कक्षेत येते.