दहा रुपयांचा बॅलन्स

आमच्या भागात मोबाइल खऱ्या अर्थाने पसरला तो देवगाव फाट्यासारख्या ठिकाणच्या टपऱ्यांवरून. पुठ्ठ्याचं रिचार्ज कार्ड घ्यायचं, नाण्याने चंदेरी पट्टी खरवडायची, आकडे दाबायचे, बॅलन्स जमा!

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. महिन्याच्या बिलाला अनामत हवी, ठरलेला पगार हवा. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्याने बिल कुठल्या पत्त्यावर मागवायचं? प्रीपेडने ती अडचण सोडवली. आधी पैसे, मग बोलणं. उधारी नाही, महिनाअखेरची धास्ती नाही.

१ मे २००३ पासून इनकमिंग मोफत झालं आणि जवळजवळ रिकामा फोनही कामाला आला. एक मिस्ड कॉल म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘तूच लाव’. पुढे दहा रुपयांचं छोटं रिचार्जही आलं.

२०१८च्या अखेरीस मात्र नुसतं इनकमिंग चालू ठेवायलाही २८ दिवसांना किमान रिचार्ज लागू लागलं. आपण बोलण्याचे पैसे भरत होतो, आता दिवसांचे भरतो. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’ने फक्त कॉल-एसएमएसचे वेगळे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, ते साध्या फोनवाल्यांसाठीच.

तुमच्या रोजच्या दोन जीबीत हे जाणवणार नाही. पण घरातल्या आजीचं रिचार्ज करताना एकदा विचारा, तिला नेट हवंय की फक्त तुमचा आवाज?