संध्याकाळी सहाच्या आधी नाही

२०१२ साली कंपनीने मला दीड वर्षासाठी इंग्लंडला पाठवलं होतं. क्लायंटचं ऑफिस वॉरिकजवळ. बाकीची टीम शहरात राहिली, मला मात्र भाडं वाचवायची हौस! म्हणून बसने वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात खोली घेतली. खेडं म्हणजे एक चर्च, एक पब, एक पोस्टाचं दुकान आणि बसथांब्याशेजारी नोटिसा लावायची काचेची पेटी. सकाळी बसची वाट बघत उभं राहायचं, त्यामुळे त्या पेटीतलं अक्षर न् अक्षर माझं पाठ झालं होतं.

त्यात एके दिवशी पॅरिशच्या वार्षिक सभेची नोटीस लागली. वेळ संध्याकाळी साडेसात, स्थळ गावचा हॉल, सर्व मतदारांनी यावं. आपला काय संबंध, म्हणून मी सोडून दिलं असतं. पण काही महिन्यांपूर्वी घरी मतदार नोंदणीचा फॉर्म आला होता आणि मी तो घेऊन घरमालकीणबाईंकडे गेलो होतो, की हा चुकून आलाय. त्या म्हणाल्या, चुकून नाही, तू कॉमनवेल्थ देशाचा नागरिक आहेस, तुला इथे मत आहे. खरंच आहे! भारतीय नागरिक रीतसर व्हिसावर तिथे राहत असेल तर तो ब्रिटनमधे मतदार होऊ शकतो. मी फॉर्म भरून टाकला आणि विसरून गेलो. आता नोटीस वाचताना लक्षात आलं, हे 'सर्व मतदार' म्हणजे मी पण.

गेलो. आम्ही सगळे मिळून नऊजण होतो, त्यातले पाच काउन्सिलचेच. रस्त्यावर वाढलेलं कुंपण, कुत्र्यांची घाण, गाड्यांचा वेग असे विषय झाले. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही मांडायचंय का? मी भीत भीत म्हटलं, हिवाळ्यात बसथांब्यावर फार अंधार असतो. त्यांनी ते लिहून घेतलं, माझ्या नावाचं स्पेलिंग दोनदा विचारून! चहा-बिस्किटं झाली. निघताना मी सेक्रेटरीबाईंना (त्यांना तिथे क्लार्क म्हणतात) सहज म्हटलं, साडेसात म्हणजे जरा उशीरच होतो नाही? त्या म्हणाल्या, सहाच्या आधी घेताच येत नाही, कायदाच आहे तसा.

सभेची वेळ कायद्यात? प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर कोडमधे कुणीतरी एक आकडा कायमचा लिहून ठेवलाय. आणि असा आकडा दिसला की तो कुणी आणि का लिहिला हे शोधल्याशिवाय आपल्याला झोप लागत नाही. तर त्या शोधाची ही गोष्ट.

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चचा परिसर. पण इंग्लंडच्या राजसत्तेला गावपातळीवर कामं करून घ्यायला दुसरी यंत्रणाच नव्हती, म्हणून एकेक ओझं पॅरिशवर पडत गेलं. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती आली. गावकऱ्यांनी वर्षातून चार दिवस स्वतः राबून रस्ते नीट करायचे. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसायची जबाबदारी आली आणि त्यासाठी घरा-जमिनीवर पट्टी बसवायचा अधिकारही. हा कारभार जी सभा बघायची तिला 'व्हेस्ट्री' म्हणत, कारण ती चर्चमधे पाद्र्याचे झगे ठेवायच्या खोलीत भरायची.

ऐकायला लोकशाही वाटते, पण प्रत्यक्षात या खोलीत पाद्री, जमीनदार आणि दोन-चार मोठे शेतकरी यांचंच चालायचं. १८१८ मधे तर कायद्यानेच मालमत्तेच्या हिशोबाने एकेकाला सहापर्यंत मतं देऊन टाकली. ज्या मजुराला हिवाळ्यात काम नसेल त्याला किती मदत द्यायची, हे त्याला कामावर ठेवणारेच ठरवणार. शिवाय सभा दिवसा असेल तर मजूर शेतावर, म्हणजे ऐकायलाही येऊ शकत नाही.

आता मी राहायचो तिथून जवळच बारफर्ड नावाचं गाव आहे. तिथला जोसेफ आर्च हा शेतमजुराचा मुलगा, कुंपणं बांधण्यात तरबेज आणि मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार. त्याने आत्मचरित्रात लहानपणची एक आठवण लिहिली आहे. चर्चमधे प्रसाद घ्यायची वेळ आली की मुलांना बाहेर काढायचे, म्हणून हा दाराच्या किल्लीच्या भोकातून आत बघत होता. आधी जमीनदार पुढे गेला, मग शेतकरी, मग दुकानदार आणि कारागीर, आणि सगळ्यात शेवटी मजूर. त्यात त्याचे वडीलही होते. देवाच्या दारातही रांग लागलेलीच! आपल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही. गावात कोण कुठे बसतं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलोय.

याच आर्चने ७ फेब्रुवारी १८७२ ला वेल्सबर्न गावात चेस्टनटच्या झाडाखाली मजुरांची सभा घेतली. थोडेफार लोक येतील असं वाटलं होतं, आले शेकड्यांनी. काम संपल्यावरची वेळ, फेब्रुवारीचा अंधार, म्हणून लोकांनी काठ्यांना कंदील टांगून आणले होते. त्यातून शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १८८५ मधे आर्च खासदार झाला. मजुरांना दिवस मोकळा नसतो, त्यांची सभा रात्रीच होते. ही गोष्ट कायदा करणाऱ्यांपर्यंत पोचायला अजून दोन दशकं लागली.

१८८४ च्या कायद्याने खेड्यातल्या बहुतेक कुटुंबप्रमुख पुरुषांना संसदेसाठी मत मिळालं. म्हणजे मजूर दिल्लीसाठी, आपलं लंडनसाठी, मत देऊ शकत होता पण गावच्या पाणवठ्याबद्दल बोलू शकत नव्हता. म्हणून लिबरल पक्षाने गावोगावी निवडून दिलेल्या पंचायतींचं आश्वासन दिलं. विरोधी पक्षाच्या लॉर्ड सॉल्सबरी यांनी यावर कुचेष्टेने म्हटलं होतं की खेड्यातल्या लोकांची करमणूकच करायची असेल तर त्यापेक्षा सर्कस बरी. विधेयक आलं तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला जमेल तितक्या कात्र्या लावल्या. १ मार्च १८९४ ला ८४ वर्षांचे पंतप्रधान ग्लॅडस्टन कॉमन्समधे शेवटचं भाषण करायला उभे राहिले ते याच विधेयकावर. लॉर्ड्सच्या दुरुस्त्या त्यांनी नाइलाजाने पत्करल्या आणि त्या सभागृहाला चार शब्द सुनावून निवृत्त झाले. ५ मार्चला कायदा मंजूर झाला.

या कायद्यातली मोठी कलमं सगळे सांगतात. ३०० किंवा जास्त वस्तीच्या खेड्यातल्या पॅरिशला निवडून दिलेलं काउन्सिल, लहान पॅरिशला निदान सर्व मतदारांची सभा. बायकांना, लग्न झालेल्यांनाही, मत देता येईल आणि उभं राहता येईल. (संसदेसाठी त्यांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं.) मजुरांना भाजी पिकवायला जमिनीचे तुकडे मिळावेत म्हणून काउन्सिलला जमीन सक्तीने भाड्याने घेता येईल.

मला मात्र आवडली ती बारीकसारीक कलमं. सभा संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करायची नाही. गावात दुसरी जागा नसेल तर सरकारी मदत घेणाऱ्या शाळेची खोली फुकट मिळाली पाहिजे. दुसरी जागा मिळत असेल तर पबमधे सभा नको. सात दिवस आधी ठळक जागी नोटीस लागली पाहिजे. आणि कुठल्याही सहा मतदारांनी ठरवलं तर ते स्वतः सभा बोलावू शकतात, कुणाची परवानगी नको. ही कलमं लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळली होती: माणसाला सभेपासून दूर ठेवायला कायद्याने बंदी घालावी लागत नाही, सभा सकाळी अकराला ठेवली की पुरतं.

४ डिसेंबर १८९४, मंगळवार. गावोगावच्या शाळांमधे संध्याकाळी पहिल्या सभा भरल्या. हात वर करून मतदान. ज्याच्या घरात राहतो, ज्याच्या शेतावर राबतो, तो मालक समोर बसलेला असताना त्याच्या विरोधात हात वर करायचा म्हणजे काय, कल्पना करा. गुप्त मतदानाची मागणी करायची सोय होती, पण ती मागणीही सर्वांसमोरच करायची. तरीही कित्येक गावांत मजूर निवडून आले, काही ठिकाणी जमीनदार आणि पाद्री पडले.

मग क्रांती झाली का? नाही. कायद्याने हात दिले तसे बांधलेही होते. पौंडामागे तीन पेन्सच्या वर कर लावायला गावसभेची संमती हवी आणि सहा पेन्सच्या वर तर जाताच येत नाही. तेवढ्यात काय होणार! पायवाटा, दिवे, दफनभूमी, भाजीचे वाफे. सुरुवातीचा उत्साह ओसरला आणि खुर्च्या हळूहळू पुन्हा ठरावीक लोकांकडे गेल्या. आज इंग्लंडात सुमारे दहा हजार पॅरिश आणि टाउन काउन्सिलं आहेत, पण अनेक ठिकाणी जागांइतकेही उमेदवार मिळत नाहीत. मग निवडणूक होत नाही, उरलेल्या जागा काउन्सिल स्वतःच भरतं.

पण दार उघडं ठेवायचं काम चालू राहिलं. नवख्या खासदार मार्गारेट थॅचर यांनी १९६० मधे संसदेतलं पहिलंच भाषण केलं ते स्थानिक संस्थांच्या सभा जनतेला आणि पत्रकारांना खुल्या करणाऱ्या स्वतःच्या विधेयकावर. ते मंजूर झालं. १९७२ चा नवा कायदा आला, त्यातही सहा वाजताचं कलम जसंच्या तसं. २०२१ च्या फेब्रुवारीत हँडफर्थ पॅरिश काउन्सिलच्या झूमवरच्या भांडणाचा व्हिडिओ जगभर फिरला, तो बहुतेकांनी पाहिला असेल. तुम्हाला इथे काही अधिकार नाही, असं ज्यांना सुनावलं गेलं त्या जॅकी वीव्हर रातोरात प्रसिद्ध झाल्या. आपण हसलो, पण हसता हसता लाखो लोकांनी जन्मात पहिल्यांदा पंचायतीची सभा पाहिली! त्याच मे महिन्यात कोरोनाकाळातली ऑनलाइन सभांची मुभा संपली आणि काउन्सिलं परत हॉलमधे गेली.

लंडनची गोष्ट आणखी मजेशीर. १९६५ पासून लंडनमधे पॅरिश काउन्सिल असूच शकत नव्हतं. इतक्या मोठ्या शहरात गावपंचायत कशाला? २००७ च्या कायद्याने ही बंदी उठवली. क्वीन्स पार्क या भागातल्या रहिवाशांनी मोहीम चालवली, २०१२ मधे कौल घेतला गेला आणि २०१४ च्या मे महिन्यात तिथे निवडणूक झाली. महानगरातल्या लोकांनी गावपंचायत मागून घेतली.

आता इथे येतो. आपल्या स्थानिक स्वराज्याची कुळकथा याच घराण्यातली आहे. ग्लॅडस्टन यांनीच पाठवलेल्या लॉर्ड रिपनचा १८८२ चा ठराव आपण शाळेत पाठ केलाय. पुढे आपल्याकडे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. गावातले सगळे मतदार म्हणजे ग्रामसभा.

२०१६ मधे मी पुण्याच्या कडेला एका गावात फ्लॅट घेतला. पत्ता लिहिताना आम्ही 'पुणे' लिहायचो, पण कारभार ग्रामपंचायतीचा होता. महाराष्ट्रात ग्रामसभांच्या रूढ तारखा चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. जरा कॅलेंडर आठवा. चारही दिवस आपल्याला सुट्टी! आर्चच्या मजुरांना जी संध्याकाळ भांडून मिळवावी लागली, ती मला वर्षातून चारदा आयती, अख्ख्या दिवसासकट मिळत होती.

एकदाही गेलो नाही. लाँग वीकेंड म्हणून कोकणात गेलो, घरी झोपलो, सोसायटीच्या झेंडावंदनाला जाऊन जिलबी खाल्ली. ग्रामपंचायतीचं ऑफिस तिथून पाच मिनिटांवर होतं. मतदार यादीत नावसुद्धा जुन्या पत्त्यावरच राहिलं होतं, म्हणजे गेलो असतो तरी सभासद म्हणून हक्क नव्हता. 'गावचं राजकारण' म्हणून नाक मुरडायला मात्र पुढे.

२०२१ मधे पुण्याभोवतीची २३ गावं महापालिकेत गेली, त्यात आमचंही गेलं. ग्रामपंचायत संपली आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही. मार्च २०२२ मधे महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासक. म्हणजे ज्याला मी समोरासमोर जाऊन प्रश्न विचारावा असा निवडून आलेला माणूसच उरला नाही. तेव्हा कुठे मला त्या दाराची किंमत कळली, जे पाच वर्षं माझ्यासाठी उघडं होतं.

कुठल्यातरी इंग्रजी खेड्याच्या दप्तरात २०१२ सालच्या इतिवृत्तात माझं नाव आहे, बसथांब्यावरच्या अंधारासकट. माझ्या स्वतःच्या गावच्या दप्तरात ते कुठेच नाही आणि आता येऊही शकत नाही.

तुमच्यापैकी जे अजून पंचायतीच्या हद्दीत राहतात (आणि हिंजवडीकडे जाणाऱ्यांमधे असे बरेच निघतील), त्यांना एवढंच सांगतो: आधी मतदार यादीत नाव बघा. मग येत्या सुट्टीला कोकणाचं बुकिंग करण्याआधी, पंचायतीच्या फळ्यावर काय लिहिलंय ते वाचून या.