दंडारीची परतभेट

आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीच्या आसपासच्या गोंड गुड्यांमध्ये, म्हणजे वस्त्यांमध्ये, दिवाळी ढोलांच्या आवाजातच येते. पाऊस सरलेला असतो, ज्वारी दाण्यावर आलेली असते, कपाशीची पहिली वेचणी चालू असते. अशा वेळी भोगीचा विधी होतो, येत्मासूरपेन या देवतेची पूजा होते, वर्षभर ठेवलेली वाद्यं बाहेर निघतात आणि एका गावची दंडारी, म्हणजे नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा जथा, दुसऱ्या गावाच्या वाटेला लागते. परा, वेट्टी, ढोल, गुमेला, तुडुम ही थापेची वाद्यं, पेपरे आणि कालिकोम फुंकून वाजवायची. बरोबर मोरपिसांचे मोठाले टोप घातलेले, अंगाला राख फासलेले घुसाडी आणि मुलींचा वेष घेतलेले पोरगे. दिवाळीनंतर कोलाबोडीचा समारोपाचा विधी झाला की सगळं पुन्हा वर्षभरासाठी उचलून ठेवायचं.

घुसाडीचे फोटो आता देशभर पोचलेत. त्या फोटोंच्या कडेला अर्धवट दिसणारी जी माणसं असतात, गर्दीतली, हातात पाण्याचा तांब्या घेतलेली, कडेवर पोर घेतलेली, त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे. दंडारी वाजवायची जशी रीत आहे, तशी ती बघायचीही आहे. ती रीत जुनी आहे आणि माझ्या मते हा उत्सव तिच्याच जोरावर टिकला आहे.

मी इंद्रवेल्लीत वाढले. वडिलांचं किराणा दुकान होतं. पुढं मराठी शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा वर्गातली निम्मी मुलं गुड्यांवरून यायची. दिवाळीच्या आधी पटावरची हजेरी घटायची, कारण मुलं दंडारीबरोबर पाहुणी म्हणून गेलेली असायची. कुठल्या गावाला, असं विचारलं की उत्तरात गावाबरोबर नातंही यायचं: मामाच्या गावाला, आत्याच्या गावाला, वहिनीच्या माहेरी.

त्या उत्तरातच या रीतीचं मूळ आहे. इथल्या राज गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे असे गट आहेत. एकाच गटातले सगळे भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक व्हायची ती दुसऱ्या गटात. दंडारी जाते ती मुख्यतः अशा सोयऱ्यांच्या गावाला. म्हणजे समोर बसून बघणारा माणूस तुमचा व्याही असतो, मेहुणा असतो किंवा उद्या होऊ शकतो. पूर्वी कित्येक लग्नं अशाच रात्री मनात धरली गेली. आणि यंदा जे गाव बघायला बसलं, त्यानं पुढं आपले ढोल घेऊन परतभेटीला जायचंच. दोन्ही गावांना दोन्ही कामं करावी लागतात. आज टाळी देणाऱ्याला उद्या टाळी हवी असते, म्हणून इथं कुणी कुणाच्या वादनाला नाक मुरडत नाही.

ढोल ऐकू आले की यजमान गावातली जाणती माणसं शिवेवर जातात. राम राम होतो, पाहुण्यांच्या पायांवर पाणी पडतं. वाद्यं आणि टोप पटेलांच्या घरी मानानं ठेवले जातात, जेवणं होतात आणि मग रात्र चढते. घुसाडी थट्टा करतात, पोरांना घाबरवतात, म्हाताऱ्यांची नक्कल करतात, आणि कुणी रागावत नाही. ज्यांचं काही दुखतं ते पुढं येतात, घुसाडीनं आपल्या काठीचा स्पर्श करावा म्हणून. गावातल्या बाया एकमेकींच्या हातात हात गुंफून गाऊ लागतात. मध्यरात्रीनंतर कोण पाहुणा आणि कोण घरचा, हे बाहेरच्या माणसाला ओळखता येत नाही.

एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. कार्तिकाच्या तोंडावर दव पडायला लागतं. पहाटेकडं चामडं ओलावतं आणि ढोलाचा आवाज बसतो. तेव्हा यजमान गावची पोरं काड्या-पाचोळा गोळा करून जाळ करतात आणि पाहुण्यांचे ढोल स्वतः हातात धरून शेकतात. ढोल जाळापासून वीतभर लांब धरायचा आणि सारखा फिरवत राहायचा, एका जागी उष्णता लागली तर चामडं तडकतं. मधूनमधून बोटानं टिचकी मारून बघायची. आवाज कोरडा, खणखणीत आला की ढोल पाहुण्याच्या गळ्यात परत घालायचा. दुसऱ्याचं वाद्य बिघडलं तर त्याची दिवाळी बिघडेल, हे दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. मी तिथं उभी असताना एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी माझ्या हातात काड्यांचा भारा दिला आणि म्हणाले, "बाई, उभ्या काऊन? जाळावर घाला." इथं बघायला आलं की हाताला काम मिळतंच.

सगळीकडं असं नसतं. पुण्याच्या गणपती विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाभोवती कार्यकर्ते दोर धरून चालतात. लाखोंच्या गर्दीत त्याला इलाज नाही, वादकांना टिपरू फिरवायला जागा हवी. तिकडे अमेरिकेत उन्हाळाभर ढोल आणि पितळी वाद्यांच्या पथकांचे सामने मोठ्या मैदानांवर होतात. तिथले रसिक आपल्या पथकाबरोबर प्रतिस्पर्धी पथकालाही उभं राहून दाद देतात, असं सांगतात. ऐकून बरं वाटतं. ढोल ऐकणाऱ्यांत मैत्र उपजतच असावं. आमच्याकडं मात्र त्या मैत्राला नात्याचा आणि परतफेडीचा आधार आहे, म्हणून ते एका संध्याकाळपुरतं राहत नाही.

या रीतीनं बरंच सोसलं आहे. १९४० मध्ये गोंड नेते कुमरम भीम जोडेघाटजवळ निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडले. आदिवासींमधल्या असंतोषाचं कारण शोधायला निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना इकडं आणलं. ते मार्लवाईला राहिले. त्यांनी गोंडांच्या कथा आणि विधी नोंदवले, १९४८ मध्ये राज गोंडांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याच प्रयत्नानं गोंड मुलांसाठी देवनागरीत पुस्तकं निघाली आणि आमच्या शेजारच्या केसलापूरच्या नागोबा जत्रेत दरबार भरू लागला, जिथं अधिकारी आदिवासींची गाऱ्हाणी ऐकतात.

१९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात. सोयरे राज्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना विभागले गेले. शाळांची भाषा वेगळी झाली, सातबारा वेगळा झाला, पण दंडारी दोन्हीकडं चालू राहिली. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तेव्हाही नाती जुन्याच नकाशावर चालली.

सगळ्यात मोठा घाव २० एप्रिल १९८१ चा. सोमवार होता, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. जमिनीच्या हक्कासाठी गिरिजन रैतू कुली संघमनं सभा बोलावली होती, तिला परवानगी नाकारली गेली. तरीही लोक आले आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोक त्याहून पुष्कळ अधिक सांगतात. आदिवासींच्या जमिनी गेल्या कुठं होत्या, हे आम्ही बाजारपेठेतल्या लोकांनी स्पष्ट बोललं पाहिजे. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांनी, सावकारांनी आणि शेतकऱ्यांनी कर्जापोटी, कागदावरच्या अंगठ्यापोटी त्या घेतल्या होत्या. १९७० च्या कायद्यानं असे व्यवहार बंद केले, तरी हातचं गेलेलं सहज परत आलं नाही. पुढं कित्येक वर्षं २० एप्रिलला मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तूपापाशी जमायलाही बंदी असे. चार माणसं एकत्र आली की संशय घ्यायचा, अशा काळात एक गाव ढोल वाजवत दुसऱ्या गावाला जात राहिलं आणि ते गाव त्याला जेवू घालत राहिलं. माझ्या लेखी ही फार धैर्याची गोष्ट आहे.

आम्हा मराठी लोकांना ही रीत परकी वाटू नये, याचं एक कारण आहे. गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा किंगरीवर गाणारे इथले परधान गातात गोंडीत, पण त्यांची घरची बोली मराठी आहे. पेपऱ्याचा सूर लावणारा परधान वाद्य खाली ठेवून मराठीत लेकराला हाक मारतो.

मार्लवाईच्या कनक राजूंनी घुसाडी नृत्य दिल्लीपर्यंत नेलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्यामुळं या नाचाला मान मिळाला, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. मंचाची स्वतःची अडचण मात्र असते. मंचासमोर खुर्च्या असतात, खुर्चीतला माणूस टाळ्या वाजवून घरी जातो, परतभेटीचं बंधन त्याच्यावर नसतं. आता गुड्यांवरही टेम्पो आणि ट्रॅक्टरनं लोक लवकर पोचतात आणि लवकर परततात. मोबाइल वर धरून उभ्या राहिलेल्यांचं कडं ढोलांभोवती पडतं आणि गावच्या बाया मागं ढकलल्या जातात. नाचाचं प्रशिक्षण देता येईल, वाद्यांना अनुदानही देता येईल. एका गावानं दुसऱ्याला रात्रभर ठेवून घेण्याची सवय मोडली तर ती कुठल्या योजनेतून परत येणार?

म्हणून दंडारी बघायला जरूर या. कुणाच्या तरी ओळखीनं या, पटेलांना आधी निरोप द्या, तांदूळ-गूळ घेऊन या आणि रात्रभर थांबायच्या तयारीनं या. जाळावर काड्या घाला. आणि सकाळी निघताना त्या गावाला आपल्या गावी यायचं आमंत्रण द्या, ते आले की त्यांच्या पायांवर पाणी घाला. तेवढं झाल्याशिवाय तुमचं बघणं पुरं झालं, असं आमच्याकडं कुणी मानणार नाही.