पुसलेल्या चित्रांचा परदेशांतील शोध

एखाद्या ग्रंथाच्या सर्व प्रती नाहींशा झाल्या असें विद्वानांनीं धरून चालावें आणि कोठल्या तरी दूरच्या मठांत त्याची जीर्ण पोथी हातीं लागावी, हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासांत नवा नाहीं. भासाचीं नाटकें शतकानुशतकें नांवानेंच ठाऊक होतीं. गणपतिशास्त्री ह्यांना केरळांत ताडपत्रें मिळालीं आणि १९१२ पासून तीं भासाचीं म्हणून छापून निघूं लागलीं. परंतु जी कृति लाखों लोकांनीं आपापल्या घरीं बसून पाहिली, जिचे कर्ते व नट अद्याप हयात होते, ती दहा-पंधरा वर्षांच्या आंत तिच्या जन्मदात्यांच्याच हातून नष्ट व्हावी आणि पुढें तिचा शोध समुद्रापलीकडच्या कोठारांतून घेण्याची पाळी यावी, हें विसाव्या शतकाचेंच वैशिष्ट्य होय.

इंग्लंडमध्यें बी. बी. सी. ह्या संस्थेनें २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं ‘डॉक्टर हू’ नांवाची दूरचित्रवाणीमालिका सुरू केली. निळ्या रंगाच्या एका पेटींतून काळाच्या व अवकाशाच्या सफरी करणारा एक विक्षिप्त वृद्ध हा तिचा नायक. विल्यम हार्टनेल व त्यांच्यानंतर पॅट्रिक ट्रफटन ह्या नटांनीं पहिल्या सहा वर्षांत मिळून २५३ भाग केले. मुलांसाठीं शनिवारच्या सायंकाळीं दाखवावयाची करमणूक, एवढीच तिची त्या वेळची योग्यता समजली जात असे.

हे भाग दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर नोंदले जात. ही फीत महाग होती आणि तिचा मोठा गुण, किंवा दोष म्हणा, हा कीं ती पुसून पुन्हां वापरतां येई. पाटीवरचें गणित पुसून दुसरें लिहावें तसाच हा व्यवहार. नटसंघाशीं झालेल्या करारांमुळें कार्यक्रम पुन्हां दाखविण्यावर कडक मर्यादा होत्या. शिवाय १९६७ पासून रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर काळ्यापांढऱ्या चित्रांस कोण विचारणार, असाहि समज पसरला. घरोघरीं यंत्र बाळगून जुने कार्यक्रम विकत घेऊन पाहण्याचा काळ येईल हें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. परिणामीं १९६७ पासून फिती पुसण्यास प्रारंभ झाला आणि पुढील कांहीं वर्षांत ह्या मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांतील मूळ फितींपैकीं एकहि शिल्लक राहिली नाहीं.

येथें दोष एका माणसाच्या माथीं मारणें अन्यायाचें ठरेल. फिती अभियांत्रिकी खात्याच्या ताब्यांत होत्या व ते लोक त्यांच्याकडे सामुग्री म्हणून पाहत. संस्थेचें फिल्म-ग्रंथालय फक्त फिल्म जपण्यास बांधलेलें होतें. परदेशांत कार्यक्रम विकणारी बी. बी. सी. एंटरप्रायझेस ही शाखा आपल्याजवळील फिल्मच्या प्रती विक्रीचे हक्क संपतांच काढून टाकी. मूळ तर दुसऱ्या खात्यांत असेलच, अशी तिची समजूत. दुसरें खातें हीच समजूत पहिल्याविषयीं करून घेई. तीन कारभाऱ्यांचा वाडा आणि दार उघडेंच, अशी ही गत होती. १९७८ सालीं संस्थेनें सू माल्डेन ह्यांस संग्रहासाठीं कार्यक्रम निवडण्याच्या कामावर नेमलें आणि ह्याच सुमारास इअन लेव्हीन नांवाच्या एका रसिकानें चौकशी चालवून नाशाच्या वाटेवर असलेल्या कित्येक प्रती थांबविल्या. तेव्हां कोठें हा संहार आटोपला.

मग परदेशांतून आशा कां वाटावी? त्याचें उत्तर विक्रीच्या पद्धतींत आहे. देशोदेशींचीं प्रक्षेपणयंत्रें एका मानाचीं नसल्यामुळें फीत पाठविणें सोयीचें नव्हतें. म्हणून एका खास पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून प्रत्येक भागाची सोळा मिलिमीटर फिल्म तयार करीत व तीच ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, सिंगापूर, सायप्रस, नायजेरिया, झांबिया अशा देशांस धाडीत. खर्च वांचावा म्हणून एकाच प्रतीस अनेक देशांची यात्रा घडे. एका स्थानकानें भाग दाखविला कीं डबे पुढच्या स्थानकाकडे रवाना होत. यात्रेच्या शेवटीं प्रत परत करावी, अथवा ती नष्ट करून तसा दाखला लंडनला पाठवावा, असा नियम होता. नियम सर्वत्र काटेकोरपणें पाळला गेला असता तर सांगण्यासारखें आज कांहींच उरलें नसतें! कोठें कारकुनाचा आळस, कोठें टपालाचा खर्च, कोठें नुसता विसर. ह्यांनींच हा ठेवा राखला. लंडनच्या शिस्तीनें जें गमावलें तें दूरदेशच्या ढिलाईनें वांचविलें, हें कबूल करणें भाग आहे.

सायप्रसहून फ्रेंच राज्यक्रांतीच्या कथेचे तीन भाग परत आले. नायजेरियांतून १९८४ च्या सुमारास दोन कथांचे भाग मिळाले. १९९२ च्या आरंभीं हाँगकाँगच्या एका दूरचित्रवाणी कंपनीकडून ‘टूम ऑफ द सायबरमेन’ ह्या १९६७ च्या कथेचे चारहि भाग सुखरूप आले. रसिकांनीं जिची केवळ आठवणीच्या आधारें अपार स्तुति केली होती ती कृति प्रत्यक्ष डोळ्यांनीं पारखतां आली. कॅनडांतून काळ्यापांढऱ्या भागांच्या रंगीत प्रती मिळाल्या.

ऑस्ट्रेलियांतील प्रकार तर मोठा मौजेचा आहे. तेथील परीक्षण-मंडळ मुलांना भिववील असा प्रत्येक तुकडा प्रक्षेपणापूर्वीं कापावयास लावी. कापलेले तुकडे सरकारी दप्तरांत पुरावा म्हणून जपले गेले आणि १९९६ सालीं एका संशोधकास ते राष्ट्रीय अभिलेखागारांत आढळले. म्हणजे कित्येक भागांपैकीं जें दाखवूं नये असें ठरलें तेवढेंच जगलें. जें निरुपद्रवी म्हणून दाखविलें तें सारें गेलें.

हा शोध एका मालिकेपुरता नाहीं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें ब्रिटिश दूरचित्रवाणीचीं साठाहून अधिक हरवलेलीं नाटकें असल्याचें २०१० सालीं जाहीर झालें. अमेरिकेंतील शैक्षणिक प्रक्षेपणासाठीं तीं पूर्वीं घेतलेलीं होतीं. त्यांत तरुण शॉन कॉनरी ह्यांचें १९६० चें ‘कोलोंब’ होतें आणि मॅगी स्मिथ ह्यांची भूमिका असलेलें शेक्सपिअरचें ‘मच अ‍ॅडू अबाउट नथिंग’ हेंहि. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट १९९३ पासून अशा हरवलेल्या कार्यक्रमांसाठीं मोहीम चालवीत आली आहे.

परंतु ज्या शोधानें सर्वत्र खळबळ उडविली तो फिलिप मॉरिस ह्या इंग्रज गृहस्थाचा. कागदोपत्रीं ‘नष्ट केलें’ असा दाखला आहे म्हणून तो खराच असेल असें न मानतां, प्रत्येक स्थानकांत स्वतः जाऊन फळ्यांवरचे डबे तपासावयाचे ही त्यांची रीति. पत्र पाठवून विचारलें तर उत्तर येतें ‘येथें कांहीं नाहीं’. पण त्या उत्तराचा अर्थ पुष्कळदां इतकाच कीं कोठडीचें कुलूप कोणी उघडलेंच नाहीं. नायजेरियांतील जोस ह्या गांवच्या प्रक्षेपण केंद्राच्या एका कोठडींत, डब्यांवरच्या चिकटपट्टीची धूळ झटकतांच मालिकेचें नांव त्यांना दिसलें. उष्ण प्रदेशांत अशा फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, ती आकसते आणि अखेर निकामी होते. पण हे डबे चांगल्या स्थितींत होते. ऑक्टोबर २०१३ मध्यें जाहीर झालें कीं ‘एनिमी ऑफ द वर्ल्ड’ व ‘वेब ऑफ फिअर’ ह्या कथांचे, पूर्वीं कोठेंहि नसलेले, नऊ भाग परत मिळाले. त्या दिवशीं न सांपडलेल्या भागांची मोजदाद ९७ होती.

ज्या देशाकडे लंडनकर एके काळीं शिकवावयाच्या दृष्टीनें पाहत, त्याच्या एका आडबाजूच्या केंद्रानें लंडनचा ठेवा वर्षानुवर्षें सांभाळावा, ह्याची नोंद घेतांना बहुतेक वर्तमानपत्रांनीं शोधकाचें कौतुक केलें आणि सांभाळणाऱ्यांचा उल्लेख ओझरता केला. ही कृतघ्नता मुद्दाम नसेलहि. पण डबे फेकून न देणारा तो अनामिक कोठारपालही ह्या कथेंतील एक पात्र आहे.

हरवलेल्या भागांचे आवाज मात्र सर्वच्या सर्व उपलब्ध आहेत. त्या काळच्या कांहीं मुलांनीं दूरचित्रवाणी यंत्रापुढें ध्वनिमुद्रक ठेवून ते टिपून घेतले होते. त्याशिवाय जॉन क्यूरा नांवाचे एक छायाचित्रकार पडद्यावरून एकेका भागाचीं साठ ते ऐंशी छायाचित्रें घेऊन तीं दिग्दर्शकांस विकीत असत. त्यांतील पुष्कळ जपलीं गेलीं. 

‘वेब ऑफ फिअर’चे एकंदर सहा भाग. पहिला पूर्वींपासून होता, दुसरा, चौथा, पांचवा व सहावा जोसहून आले. तिसरा मात्र आला नाहीं. आपण पाहिला तेव्हां तो कोठडींत होता, पण माल निघावयाच्या वेळीं तो नाहींसा झाला होता, असें मॉरिस ह्यांनीं पुढें सांगितलें. कथा विक्रीस आली तेव्हां प्रकाशकांनीं त्याच्या जागीं क्यूरा ह्यांचीं छायाचित्रें व मुलांनीं टिपलेला आवाज जोडला. त्यामुळें प्रेक्षकांस दोन भाग हालतें चित्र दिसतें, पंचवीस मिनिटें माणसें स्तब्ध उभीं राहून बोलतात आणि चौथ्या भागाच्या आरंभीं तीं पुन्हां चालूं लागतात.