'ऑफ' लिहिलेलं बटण

आजचा विषय आहे एक छोटंसं बटण. त्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असतं आणि शेजारी 'ऑफ' लिहिलेलं असतं. तुमच्या साध्या हॅचबॅकमध्येही कदाचित असेल. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र या एका बटणाचे चार-पाच टप्पे होतात, आणि कुठला निवडावा यावर लोक तावातावाने भांडतात. "खरा ड्रायव्हर सगळं बंद करूनच चालवतो" हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. त्यात किती दम आहे हे बघायचं तर थोडं मागे जायला हवं.

१९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस आलं. प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय हे गाडीला कळायला लागलं, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर चाक जॅम होणं टाळता आलं. पुढची उडी सोपी होती. जॅम होणारं चाक ओळखता येतं, तसं जागच्या जागी गरगरणारंही ओळखता येतं. मग इंजिनाची ताकद कमी करा, नाहीतर त्या चाकाला ब्रेक लावा. झालं ट्रॅक्शन कंट्रोल!

पण या दोन्ही यंत्रणांना फक्त चाकं कळत होती. गाडी नेमकी कुठे चाललीय हे कळत नव्हतं. ती उणीव बॉशमधल्या अँटन व्हान झांटेन आणि त्यांच्या टीमने भरून काढली. स्टिअरिंग किती वळवलंय त्यावरून ड्रायव्हरला कुठे जायचंय हे ओळखायचं, गाडी स्वतःभोवती किती फिरतेय हे सेन्सरने मोजायचं आणि दोन्ही जुळतात का ते सेकंदाला २५ वेळा तपासायचं. नाक सरळच चाललं असेल तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक, आणि शेपूट बाहेर फेकली जात असेल तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. १९९५ मध्ये हे ईएसपी मर्सिडीजच्या एस ६०० कूपेत आलं. म्हणजे श्रीमंतांची चैन!

ही चैन सगळ्यांपर्यंत पोचली ती एका फजितीमुळे. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाने मर्सिडीजची नवी, छोटी ए-क्लास चाचणीला घेतली. रस्त्यात अचानक जनावर आडवं आलं तर काय कराल, अशी ती चाचणी. गाडी उलटली. मर्सिडीजने विक्री थांबवली आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवलं.

स्पोर्ट्‌स कारवाले मात्र अजून "आमच्याकडे ड्रायव्हिंग येणारे लोक येतात" याच तोऱ्यात होते. १९९८ मध्ये ऑडी टीटी आली. दिसायला देखणी, आणि ईएसपी नाही. जर्मन महामार्गांवर भरधाव वेगात लेन बदलताना किंवा वळण घेताना तिची शेपूट हलकी होऊन सुटायला लागली. अपघात झाले, माणसं गेली. शेवटी ऑडीने गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शनमध्ये बदल केले, मागे स्पॉयलर लावला आणि ईएसपी बसवलं. "सगळं बंद" म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर इथे मिळालं. तिथे बंद करायला काही नव्हतंच, आणि ते ड्रायव्हरने निवडलेलंही नव्हतं.

मग प्रश्न आला की मजा आणि जीव दोन्ही कसं सांभाळायचं? यातूनच मधले टप्पे जन्माला आले. २००४ च्या फेरारी एफ४३० मध्ये स्टिअरिंगवरच एक छोटी फिरकी आली, मानेत्तिनो. बर्फ, निसरडा रस्ता, स्पोर्ट, रेस, आणि शेवटी सगळं बंद. पोर्शने २००९ च्या ९११ जीटी३ मध्ये 'ऑफ'चेच दोन भाग केले: आधी स्टॅबिलिटी बंद, मग हवं तर ट्रॅक्शनही बंद.

दोन भाग का? चाकाची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ब्रेक, वळण आणि ॲक्सिलरेटर या तिघांनी तो वाटून खायचा. सगळा पगार वळणावरच उडवला, तर ॲक्सिलरेटरचा हप्ता बाउन्स होणारच. ट्रॅक्शन कंट्रोल फक्त हा हप्ता बघतं. स्टॅबिलिटी कंट्रोल सगळं घर बघतं. म्हणून आधी घराची शिस्त थोडी सैल करायची आणि हप्त्यावरची नजर तशीच ठेवायची. पण लक्षात घ्या, पगार वाढवणं कुठल्याच सेटिंगच्या हातात नाही. वळणात अफाट वेगाने घुसलात तर ईएसपीसुद्धा हात टेकतं.

मला स्वतःला या इतिहासातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो तो कायद्याचा. २००७ मध्ये अमेरिकेने नियम केला, आणि सप्टेंबर २०११ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली. बंद करायचं बटण द्यायला बंदी नाही. पण गाडी पुन्हा सुरू केली की यंत्रणा आपोआप चालू स्थितीत यायलाच हवी! आपल्या भाषेत सांगायचं तर युजरला स्वातंत्र्य द्या, पण ते सेव्ह करू नका. काल ट्रॅकवर घेतलेला निर्णय आज पावसात, शेजारी बायको-पोरं असताना लागू होता कामा नये. इतका शहाणा डिफॉल्ट मी फार कमी सॉफ्टवेअरमध्ये पाहिलाय.

मग निवडायचं काय? रस्त्यावर, आणि पावसात तर नक्कीच, आहे तेच राहू द्या. रस्ता समोरून येणाऱ्याचाही असतो. ट्रॅकवर गेलात तर एकेक पायरी उतरा, आणि डॅशबोर्डवरच्या त्या पिवळ्या दिव्याकडे लक्ष ठेवा. तो लुकलुकला म्हणजे यंत्रणेने तुमची चूक आत्ताच निस्तरली. आपण एरर लॉग वाचतो ना, तसाच वाचायचा. दर वळणाला दिवा लागत असेल, तर पुढची पायरी तुमच्यासाठी नाही. लॅपमागून लॅप जाऊनही तो गप्प राहिला, तर मग हरकत नाही. म्हणजे गंमत बघा, बटण बंद करायची लायकी ज्याच्याकडे आली, त्याला ते चालू असल्याचा त्रासही फारसा होत नाही :)