दोष शोधणे आणि दोष देणे : घरी जुळवलेल्या संगणकाच्या बिघाडांचा इतिहास

मराठीत ‘दोष’ हा शब्द दोन क्रियापदांबरोबर दोन प्रकारे वागतो. दोष शोधला जातो, तेव्हा तो वस्तूत असतो. दोष दिला जातो, तेव्हा तो माणसाच्या माथी बसतो. पहिल्या कृतीत कारणाचा तपास आहे, दुसरीत कर्त्याचा निवाडा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा भेद अपरिचित नसावा. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात काव्यदोषांची चर्चा करताना कवीची हजेरी घेण्याआधी एक साधा प्रश्न विचारला आहे : दोष आहे कुठे? पदात, वाक्यात, अर्थात की रसात? स्थान निश्चित झाले की मगच पुढचा विचार.

एका अगदी वेगळ्या क्षेत्रात हा प्रश्न कसा विचारला गेला, आणि किती वेळा तो न विचारताच निवाडा दिला गेला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते क्षेत्र म्हणजे घरी, स्वतःच्या हाताने जुळवलेला संगणक. तयार यंत्र बिघडले तर आपण ते बनवणाऱ्याकडे बोट दाखवतो. स्वतः जुळवलेले यंत्र बिघडले तर आरोपी, तपास अधिकारी आणि न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे येतात. या अडचणीचा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे, पण बोधप्रद आहे.

जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाचे यंत्र झळकले. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्कीच्या ‘मिट्स’ कंपनीने, म्हणजे मुख्यतः एड रॉबर्ट्स यांनी, ते तयार केले होते. त्यात इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर आणि अवघी २५६ बाइट स्मृती होती. सुट्या भागांच्या संचाची जाहीर झालेली किंमत होती ३९७ डॉलर. त्याला कळफलक नव्हता, पडदा नव्हता. दर्शनी भागावर खटक्यांची आणि दिव्यांची रांग होती. खटके वर-खाली करून आज्ञा भरायच्या, दिवे लागलेले-विझलेले पाहून उत्तर वाचायचे. आणि हे सारे, संच घेणाऱ्याने शेकडो जोड स्वतः सोल्डर केल्यानंतर.

अशा यंत्रात बिघाडाची पहिली शंका स्वतःच्या हातावरच येणार. कुठे जोड कच्चा राहिला असेल (दुरुस्ती करणारे त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात), कुठे धातूचा थेंब ओघळून दोन शेजारच्या रेषा एकमेकींना चिकटल्या असतील, कुठे एखादा डायोड उलटा बसला असेल. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्या हाती तयारच असते, आणि प्रामाणिक माणूस ती आधी स्वतःला लावून पाहतो. पण अल्टेअरच्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडे होते. ‘मिट्स’ने नंतर विकायला काढलेली चार किलोबाइटची स्मृतिपट्टिका धड चालत नसे. ती चालत नसल्यामुळेच बॉब मार्श यांच्या ‘प्रोसेसर टेक्नॉलॉजी’ या कंपनीला अल्टेअरमध्ये बसणाऱ्या, पण नीट चालणाऱ्या स्मृतिपट्टिकांचा व्यवसाय मिळाला.

दोष हातात आहे की भागात, हे एकट्याने ठरवणे अवघड असते. एका घरात पट्टिका बंद पडली तर हात संशयित. दहा घरांत तीच पट्टिका त्याच रीतीने बंद पडली तर दहाही हात चुकले असे म्हणणे तर्काला धरून होत नाही. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक भरली. या मंडळाचे महत्त्व सहसा त्यातून पुढे निघालेल्या कंपन्यांवरून मोजले जाते. त्याचे एक साधे कामही होते : एकाचा अनुभव दुसऱ्याच्या अनुभवाशेजारी ठेवला जाणे. बिघाडाची तुलना करता येऊ लागली की दोष माणसापासून सुटा होऊ लागतो.

याच मंडळाच्या पुढच्या महिन्यातील एका बैठकीत स्टीव्ह डॉम्पियर यांनी आपल्या अल्टेअरशेजारी एक साधा रेडिओ ठेवला आणि खटक्यांनी आज्ञा भरून त्यातून बीटल्सच्या एका गाण्याची धून वाजवून दाखवली. यंत्र चालू असताना त्यातून विद्युतचुंबकीय गोंगाट बाहेर पडतो आणि तो रेडिओत खरखर म्हणून उमटतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. उपस्थितांना ते करमणुकीचे वाटले असेल. पण मुक्या यंत्राचे आतले चलनवलन कानांनी ओळखता येते, हेही त्यातून दिसले. यंत्राने स्वतःहून काही बोलावे, ही पुढची पायरी होती.

ती पायरी घरगुती संगणकाच्या जगात रूढ झाली ती ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या ‘पर्सनल कॉम्प्युटर’मुळे. कळ दाबताच हे यंत्र आधी स्वतःची तपासणी करी. एक आखूड सूर म्हणजे सारे क्षेम. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याला चित्र पुरवणाऱ्या पट्टिकेत गडबड. पडद्यावर आकडे उमटले आणि ते २०१ असतील तर स्मृतीत दोष, ३०१ असतील तर कळफलकात. दोषाचे स्थान आधी सांगणारी ही पद्धत मम्मटाच्या वर्गीकरणाची आठवण करून देणारी आहे. अर्थात तिला मर्यादा होती. दोष सांगण्यापुरता तरी प्रोसेसर जिवंत असावा लागतो, आणि प्रोसेसरला वीज मिळावी लागते. वीजपुरवठाच गेला तर यंत्र गप्प बसते, आणि त्या मौनाचा अर्थ माणसालाच लावावा लागतो.

आयबीएमने या यंत्राची तांत्रिक पुस्तिका मंडलाकृतींसह प्रसिद्ध केली होती. त्यातून, आणि फिनिक्ससारख्या कंपन्यांनी १९८४ पासून पुरवलेल्या सुसंगत बायोसमुळे, कोणाचाही भाग कोणाच्याही यंत्रात बसू लागला. सुरांच्या भाषेलाही बोली फुटल्या : एका कंपनीच्या बायोसमधले आठ आखूड सूर दुसऱ्या कंपनीच्या बायोसमध्ये निरर्थक. याच खुल्या व्यवस्थेतून १९९० च्या दशकात मुंबईच्या ग्रँट रोड परिसरातील लॅमिंग्टन रोड (अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध झाला, आणि ‘ब्रँडेड’च्या विरुद्ध ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात रुळला. मदरबोर्ड एकाकडून, रॅम दुसऱ्याकडून, कॅबिनेट आणि एसएमपीएस तिसऱ्याकडून. यंत्र स्वस्त पडे. पण ते बंद पडले की पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवी आणि दुसरा तिसऱ्याकडे.

या गोंधळातून दुरुस्तीची जी रीत स्थिरावली, ती विचार करण्याची एक शिस्त आहे. अनावश्यक ते सारे काढून टाकायचे : फक्त बोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि वीजपुरवठा. एवढे चालले तर एकेक भाग परत जोडायचा. संशयित भागाच्या जागी चालतो अशी खात्री असलेला भाग घालून पाहायचा, आणि एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र सुरू झाले, तर ते कशामुळे सुरू झाले हे कधीच कळत नाही. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासायच्या आणि परत बसवायची, हा उपाय आपल्याकडच्या दमट हवेत अनेकांनी केला असेल. पुष्कळदा यंत्र त्याने सुरूही होते. पण धूळ होती, गंज होता, की पट्टी मुळात नीट बसलेलीच नव्हती, हे अज्ञातच राहते. दुरुस्ती झाली म्हणजे दोष सापडला असे नव्हे.

दोष हातात नाही आणि भागाच्या घडणीतही नाही, अशीही एक शक्यता असते. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवून दिले, की स्मृतीच्या चिपमधला एखादा बिट काही वेळा कोणतीही मोडतोड न होता आपोआप उलटतो. या चिपमध्ये शून्य किंवा एक ही नोंद अत्यल्प विद्युतभाराच्या रूपात असते. चिपभोवतीच्या वेष्टनाच्या द्रव्यात युरेनियम आणि थोरियम यांचे सूक्ष्म अंश होते. त्यांतून निघालेला एखादा अल्फा कण सिलिकॉनमधून गेला की तो भार बिघडे. वैश्विक किरणांमुळेही असे घडू शकते, हे आयबीएममधील संशोधकांनी त्याच सुमारास मांडले. पुन्हा तपासले तर चिप निर्दोष! इथे दोष आहे, पण दोषी कोणी नाही.

आयबीएमच्या मूळ यंत्रात यावर निदान साक्षीदार तरी होता. दर आठ बिटांमागे नववा ‘पॅरिटी’ बिट असे. एखादा बिट उलटला की यंत्र तसे सांगून थांबे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून घरगुती संगणकांतून, मुख्यतः खर्च वाचवण्यासाठी, हा नववा बिट नाहीसा होत गेला. साक्षीदार गेला, घटना घडतच राहिल्या. ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेल्या ‘मेमटेस्ट८६’सारखी तपासणीची आज्ञावली रात्रभर चालवून ठेवणे, हा मग घरी संगणक जुळवणाऱ्यांचा परिपाठ झाला.

आता थोडे स्वतःविषयी. २००१ मध्ये मी माझा पहिला संगणक स्वतः जुळवला. तीन वर्षांनी, पावसाळ्यात, तो अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. मी आधी विजेला दोष दिला. मग शाळकरी पुतण्याला. तो सुट्टीच्या दिवशी येऊन त्यावर खेळ खेळत असे. ‘काहीतरी भलतेसलते टाकून ठेवतोस,’ असे मी त्याला चारचौघांत बोललो. तो काही बोलला नाही. पुढे संगणकाला हात लावेनासा झाला. दोन महिन्यांनी गल्लीतल्या दुरुस्ती करणाऱ्या मुलाने कॅबिनेटचे झाकण काढले आणि प्रोसेसरशेजारी उभ्या असलेल्या पाच छोट्या नळकांड्यांकडे बोट दाखवले. त्यांची सपाट डोकी फुगली होती. एकीवर तपकिरी खपली होती.

ते कपॅसिटर होते. प्रोसेसरला मिळणारा वीजदाब स्थिर ठेवणे हे त्यांचे काम. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेले असंख्य कपॅसिटर जगभर असेच अकाली निकामी झाले. पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या त्यांच्या आतल्या द्रावात ॲल्युमिनियमचे रक्षण करणारी द्रव्ये पुरेशी नव्हती. धातू झिजे, हायड्रोजन वायू साठे आणि नळकांडे फुगे. एका जपानी कंपनीचे सूत्र अर्धवट चोरले गेले आणि त्यातून हे घडले, अशी कथा तेव्हा व्यापारी नियतकालिकांनी छापली. ती पूर्ण सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. शिवाय त्याच वर्षांत एका नामांकित जपानी कंपनीचे कपॅसिटरही निकामी होतच होते. तरी ती लोकप्रिय झाली, कारण तिच्यात दोष देण्यासाठी एक चोर होता.

तयार संगणकांच्या जगात काय घडत होते, ते पुढे एका खटल्याची कागदपत्रे खुली झाल्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जून २०१० मध्ये छापले. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले डेल कंपनीचे संगणक बंद पडू लागले, तेव्हा कंपनीने तपासणी करून कारण दिले, की विभागाने यंत्रांकडून फार अवघड गणिते करून घेतली! यंत्रे फुगलेल्या कपॅसिटरांमुळे बंद पडत होती. हे वाचून मी प्रथम हसलो. मग पुतण्या आठवला. कंपनीने गणितज्ञांना जे सांगितले, तेच मी त्याला सांगितले होते : यंत्र ठीक आहे, वापरणारा चुकला. कपॅसिटर नवे बसवले, संगणक आणखी चार वर्षे चालला. दिलेला दोष परत घ्यायचे मात्र राहून गेले.

आज पुष्कळशा लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की सोल्डर केलेली असते आणि फोनचे झाकण चिकटवलेले असते. एक भाग काढून दुसरा घालून पाहण्याची सोय त्यात नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल सुरू केले आणि युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश काढला. त्या चर्चेत पैशांचा आणि कचऱ्याचा मुद्दा रास्तपणे पुढे असतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. झाकण उघडता आले नाही, तर दोष कुठे आहे हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग राहत नाही, आणि मग तो कोणाचा हे यंत्र विकणारा सांगेल तेच खरे मानावे लागते. माझे झाकण चार स्क्रूंचे होते. ते दोन महिने आधी उघडले असते, तर एका मुलाला उगाच बोल लागला नसता.